रिकाम्या झडतीची नोंद

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्र्याची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. सायंकाळी साडेपाचपासून तेथील कारखाने सुटू लागतात आणि कुंभेफळ, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी या दिशांनी दुचाकींचा लोंढा वाहू लागतो. या लोंढ्यात मराठा असतो, मुसलमान असतो, बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, पारधी असतो. बिहारातून व उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगारही असतो. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर डब्याची पिशवी आणि अंगावर कंपनीचा गणवेश अशा वेषातील मनुष्य कोणत्या जातीचा, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही. मोठ्या उद्योगाने आमच्या माणसांस दिलेली ही तात्पुरती समता होय. परंतु ती रस्त्यावरील लोखंडी अडथळ्यापाशी, नाकाबंदीच्या दिव्याखाली, किती टिकते?

हा प्रश्न आम्हांस एका तरुणाने घातला. विहारातील रविवारची वंदना आटोपल्यावर तो जवळ येऊन बसला. एका कारखान्यात तो यंत्रावर काम करतो. कोणत्याशा नाक्यावर त्यास व त्याच्या सहकाऱ्यास एकाच वेळी थांबविण्यात आले. दोघांची दुचाकी सारखी, दोघांचे कागद पुरे. प्रथम परवाना पाहिला गेला, मग पूर्ण नाव विचारले गेले, मग गाव, आणि मग गावातील वस्ती. सहकाऱ्यास दुसऱ्या प्रश्नानंतरच जाण्याची खूण झाली. याची मात्र डिक्की उघडली गेली, पिशवी झटकली गेली, डब्याचे झाकणही काढून पाहिले गेले. निघाले काय, तर कामाचे हातमोजे आणि सकाळची अर्धी भाकरी. ‘जा’ म्हणून सांगण्यात आले, तो गेला. आम्ही त्यास म्हणालो, “बाबा रे, जातीमुळेच झडती झाली हे कशावरून?” तो म्हणाला, “सर, एका वेळेचं मलाही सांगता येणार नाही. पण दर वेळी मीच कसा?”

वाचकहो, या उत्तरात त्या तरुणाने नकळत एक शास्त्रीय प्रश्न विचारला आहे. एका झडतीत पक्षपात होता की नव्हता, हे ती घेणाऱ्या शिपायाच्या मनात शिरल्यावाचून कळत नाही, आणि शिपाई तर शपथेवर सांगेल की त्याच्या मनात काही नव्हते. कदाचित त्याचे म्हणणे खरेही असेल. परंतु हजार झडत्यांस मन नसते, त्यांस संख्या असते. ‘दर वेळी मीच कसा’ याचे उत्तर त्या संख्येत सापडते. मात्र ती संख्या कोणी लिहून ठेवलेली असली पाहिजे.

अमेरिकेत हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे. १९९२ च्या मे महिन्यात रॉबर्ट विल्किन्स नावाचे एक कृष्णवर्णीय वकील आजोबांच्या अंत्यविधीहून कुटुंबियांसह मोटारीने परतत होते. मेरीलँड राज्यात पोलिसांनी मोटार थांबविली आणि झडती घेऊ द्या म्हणून सांगितले. विल्किन्स यांनी कायद्याचा आधार दाखवून नकार दिला. तेव्हा अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा आणविण्यात आला आणि सर्व मंडळींस भर पावसात रस्त्याच्या कडेस उभे करण्यात आले. कुत्र्यास काही सापडले नाही. सामान्य मनुष्य येथे कपडे झटकून घरी जातो. विल्किन्स न्यायालयात गेले. पुढे जी तडजोड झाली तिच्या अन्वये राज्य पोलिसांस झडत्यांची नोंद ठेवणे भाग पडले. जॉन लॅम्बर्थ या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने त्या नोंदींशी रस्त्याचे गणित ताडून पाहिले. त्याने माणसे मोटारीत बसवून त्याच महामार्गावर फिरविली आणि वाहने कोण चालवितो, वेगमर्यादा कोण मोडतो, हे मोजविले. रस्त्यावर कृष्णवर्णीय चालक सुमारे १७ टक्के होते, आणि वेगमर्यादा जवळजवळ सर्वच मोडीत होते. आता पोलिसांची वही पाहा. जानेवारी १९९५ ते सप्टेंबर १९९७ या काळात बाल्टिमोरच्या उत्तरेस त्या महामार्गावर ज्या ८२३ चालकांची झडती झाली त्यांपैकी ६०० कृष्णवर्णीय होते.

यावर पोलिसांचे उत्तर ठरलेले असते, व ते शेंद्र्यासही ऐकू येते. ते म्हणतात, आम्ही रंग पाहत नाही, आम्ही गुन्हेगार पाहतो. ज्या समाजात गुन्हा अधिक, त्याची झडती अधिक. हे उत्तर सरसकट झिडकारणे आम्हांस मान्य नाही; ते तपासले पाहिजे. आणि ते तपासता येते. झडती घेतलेल्यांपैकी कितीजणांपाशी आक्षेपार्ह वस्तू सापडली, हे प्रत्येक समाजाकरिता निराळे काढावे. मेरीलँडमध्ये ते कृष्णवर्णीयांत २८.४ टक्के व गोऱ्यांत २८.८ टक्के निघाले. म्हणजे झडती झालेल्या शंभर कृष्णवर्णीयांत जितके दोषी, तितकेच शंभर गोऱ्यांत. मग एका समाजास चौपट जाच कशासाठी? न्यूयॉर्क शहरात वाहनांऐवजी पादचाऱ्यांच्या झडत्यांचा असाच हिशेब झाला. २००४ पासून २०१२ च्या मध्यापर्यंत तेथे ४४ लाख वेळा लोकांस रस्त्यात अडविले गेले होते. त्यांत ५२ टक्के कृष्णवर्णीय होते व १० टक्के गोरे. हत्यार मात्र कृष्णवर्णीयांच्या शंभर अडवणुकांत सरासरी एक वेळा व गोऱ्यांच्या शंभरांत १.४ वेळा सापडले. ज्यांजवर संशय कमी, त्यांजपाशी हत्यार अधिक! ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. हा निकाल शक्य झाला याचे कारण पोलिसांचाच एक छापील फॉर्म. हत्यार सापडो वा न सापडो, प्रत्येक अडवणुकीनंतर तो भरण्याचा नियम होता. आपल्याविरुद्धचा पुरावा त्या दलाने आपल्याच हाताने लिहून ठेविला होता.

आमच्या एका मित्राने हे वाचून शंका घेतली की, अमेरिकेचा प्रश्न वंशाचा, आपला जातीचा. याची त्यास फूटपट्टी कशी लावावी? शंका योग्य आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेची उपपत्ती वंशभेदात शोधणाऱ्यांचे खंडन केले आहे, आणि जात म्हणजे वंश नव्हे हे आम्ही विसरत नाही. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००२ साली स्पष्ट केले की, जन्मावरून होणारा भेदभाव, मग तो जातीच्या नावे का होईना, त्या कराराच्या कक्षेत येतो. भारत शासनास हे मान्य नाही. तो वाद मोठा आहे, येथे तो वाढवीत नाही. मोजमापाच्या दृष्टीने खरा फरक निराळाच आहे, आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

तेथे पूर्वग्रहास डोळे लागतात, येथे कान लागतात. काळा चालक काचेतून दिसतो. बौद्ध किंवा पारधी चालक दिसत नाही. मुसलमान बांधव टोपी-दाढीवरून ओळखला जातो, एखाद्या गाडीवरील निळा झेंडा अथवा ‘जय भीम’ हे शब्द ओळख देतात, हे खरे. परंतु बहुतेकांची ओळख गाडी थांबल्यानंतर, परवान्यावरील नाव वाचल्यानंतर पटते. आणि मराठवाड्यात आडनावही पुरेसे होत नाही. पवार मराठ्यांत आहेत आणि पारध्यांतही. काळे, भोसले, शिंदे यांचे तसेच. जाधव, गायकवाड, मोरे हे तर अनेक जातींत विखुरलेले. म्हणूनच नावानंतर गाव आणि गावानंतर वस्ती विचारली जाते. त्या तरुणास विचारलेला तिसरा प्रश्न हा वाहतुकीचा प्रश्न नव्हे. तो जातीचा दाखला मागणे होय.

याचा अर्थ असा की, आपल्याकडे मोजणी दोन ठिकाणी केली पाहिजे. गाडी कोणाची थांबविली, हा एक टप्पा. थांबविलेल्यांतून डिक्की कोणाची उघडली, हा दुसरा. पहिल्यात पक्षपात नसला तरी दुसऱ्यात असू शकतो. पहिल्याकरिता रस्त्यावर कोण होते हे ठाऊक असावे लागते, आणि ते सोपे नाही. चैत्रात शेंद्रा कमंगर येथे मांगीरबाबाची यात्रा भरते, तेव्हा याच रस्त्यावर मातंग व इतर बहुजन भाविकांची वाहने दूरदूरहून येतात. त्या दिवसाच्या नाकाबंदीचा हिशेब जिल्ह्याच्या जनगणनेशी ताडणारा मनुष्य स्वतः फसेल व इतरांसही फसवील. दुसऱ्या टप्प्यास ही अडचण नाही. ज्यांस थांबविले तेच तेथे एकंदर. त्यांतून किती उघडले, किती सापडले, एवढेच पाहावयाचे.

सापडण्याच्या प्रमाणावरून न्याय करण्यातही एक खोट आहे, ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, एका समाजाच्या काही चालकांच्या गाडीतून दारूचा दर्प येत होता. त्या झडत्या नक्की फळास आल्या. त्याच समाजाच्या उरलेल्यांस मात्र केवळ आडनावावरून उतरविले आणि काही निघाले नाही. सरासरी काढली तर ती इतरांच्या बरोबरीची दिसेल, आणि झालेला अन्याय त्या सरासरीच्या पोटात गडप होईल. म्हणजे समान प्रमाण ही निर्दोषत्वाची सनद नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी याकरिता अधिक बारीक रीत काढली. तीत झडतीस प्रवृत्त होण्यापूर्वी पोलिसास कोणाच्या बाबतीत किती संशय पुरतो, याचा अंदाज केला जातो. सुमारे १० कोटी वाहन-अडवणुकांच्या नोंदी तपासून २०२० साली त्यांनी दाखविले की, कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी चालकांच्या बाबतीत थोडक्या संशयावरही झडती होते. दहा कोटी नोंदी! आपल्याकडे अशा किती निघतील?

आपल्या कायद्यात झडतीचे अधिकार थोडे नाहीत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ते दिले, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने दिले. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील, २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास गोवंशाची वाहतूक होत असल्यास वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार दिला. या शेवटच्या दुरुस्तीतील दोन कलमे मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केली. त्यांपैकी एक निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे होते. हे अधिकार असू नयेत असे आम्ही म्हणत नाही. वाहनातून गावठी पिस्तूल जात असेल तर ते पकडलेच पाहिजे. परंतु यांतील प्रत्येक अधिकाराचे दप्तर फळास आलेल्या झडतीपासून सुरू होते. वस्तू सापडली की पंचनामा, मुद्देमाल, फिर्याद, आरोपपत्र. वस्तू न सापडली तर ‘जा’ हा एक शब्द, आणि तो कोठेही लिहिला जात नाही. वाहतुकीचे ई-चलन निघाले तर त्यावर गाडीचा क्रमांक व दंड असतो, डिक्की उघडली होती की नाही हे नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रण करण्याचे बंधन घातले आहे, ते स्वागतार्ह आहे. तथापि नाक्यावरील अर्ध्या मिनिटाच्या रिकाम्या झडतीपर्यंत ते कितपत पोहोचते, हे त्या नाक्यावर उभे राहून कोणीही पाहावे.

परिणाम काय होतो? पोलिसांपाशी केवळ यशाची वही राहते. त्या वहीत एखाद्या जमातीची नावे अधिक दिसतात, कारण त्या जमातीच्या गाड्या अधिक उघडल्या जातात. मग त्या वहीवरून पुढील नाकाबंदीत कोणावर लक्ष ठेवावे हे ठरते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे यंत्र असेच चालत असे: आधी हजेरी, मग हजेरी चुकल्याचा गुन्हा, मग त्या गुन्ह्यांच्या संख्येवरून जमातीचे गुन्हेगारपण सिद्ध. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. (मुंबई इलाख्यातील अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या १९२८ च्या समितीत बाबासाहेब सदस्य होते, तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचेच अधिकारी होते, ही इतिहासाची एक गंमत आहे.) सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२४ मध्येही, विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांस पूर्वीच्या निकालांतील नियमांची आठवण द्यावी लागली. एका बिगरसरकारी संस्थेने व एका अभ्यासकेंद्राने मिळून २०१९ साली देशातील अकरा हजारांहून अधिक पोलिसांची मते विचारली, तेव्हा सुमारे निम्म्यांनी मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकतात, अशा अर्थाचे उत्तर दिले. मनात असे आणि हातात नोंद नसलेला अधिकार, हा संयोग कोणत्याही देशात सुरक्षित नाही.

तुरुंगांची शिरगणती मात्र होते. २०१५ च्या अखेरीस देशातील कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचे २१.६ टक्के, जमातींचे १२.४ टक्के व मुसलमान २०.९ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण अनुक्रमे १६.६, ८.६ व १४.२ टक्के आहे. ही तफावत पाहून आमचे कार्यकर्ते लगेच निष्कर्षास येतात. आम्ही त्यांस थोडे थांबावयास सांगतो. तुरुंग हे नळीचे शेवटचे तोंड होय. मध्ये दारिद्र्य आहे, जामिनाची रक्कम आहे, वकिलाचा अभाव आहे. या आकड्यातून पोलिसाच्या नजरेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. तो वाटा नळीच्या पहिल्या तोंडाशी, म्हणजे रस्त्यावर, मोजावा लागेल.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. मोजावयाचे म्हटले की जात लिहावी लागेल, आणि जात लिहू नये असे तर न्यायालये सांगत आहेत. वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या निकालानेच तुरुंगातील नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, दारूची वाहतूक करणारी वाहने अडविल्याच्या एका प्रकरणात पोलिसांनी आरोपींच्या जाती लिहिल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि पाठोपाठ उत्तर प्रदेश शासनाने पोलीस दप्तरातून जातीचा उल्लेख वगळण्याचा आदेश काढला. हे निर्णय योग्यच आहेत. आरोपीच्या नावापुढे त्याची जात लिहिणे म्हणजे गुन्ह्यापूर्वीच निकाल लिहिणे.

तथापि रकान्याचे दुधारी स्वरूप आमच्या समाजास कोणी शिकवावयास नको. १९५६ नंतर आम्ही ‘बौद्ध’ असे लिहिले, १९६१ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार लोकांनी तसे लिहविले, आणि त्या एका शब्दापायी केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत हुकल्या. लिहिले तर तोटा, न लिहिले तर अस्तित्वच नाही, हा पेच आम्ही भोगला आहे. त्या अनुभवावरून आमचे मत असे झाले आहे की, प्रश्न रकाना असावा की नसावा हा नाही. तो कोणी भरावा आणि कोणी वाचावा, हा आहे. झडती घेणाऱ्याच्या हातात जात नसावी. मोजणाऱ्याच्या हातात असावी. आणि ती ज्याची त्याने, स्वतःच्या शब्दांत, सांगितलेली असावी. दुसऱ्याने अदमासाने लिहिलेल्या नोंदीचे काय होते, हे टेक्सासने दाखविले आहे. तेथे पोलीस लॅटिन अमेरिकी चालकांस ‘गोरे’ म्हणून नोंदवीत आले होते, आणि हिशेब चोख दिसत होता. २०१५ साली एका स्थानिक दूरचित्रवाहिनीने ते उघडकीस आणले.

इंग्लंडात १९८४ च्या कायद्यापासून झडती घेतल्यास नोंद करणे व मागितल्यास त्या नोंदीची प्रत देणे पोलिसांस बंधनकारक आहे, आणि वंशाविषयीचे उत्तर झडती झालेला मनुष्य स्वतः देतो. महाराष्ट्रात याहून सोपे करता येईल. नाक्यावर प्रत्येक झडतीमागे एक क्रमांकित चिठ्ठी द्यावी. तीवर वेळ, ठिकाण, झडतीचे कारण, कोणत्या कायद्याखाली घेतली ते, काय सापडले अथवा काही सापडले नाही, आणि अधिकाऱ्याचा बिल्ला क्रमांक असावा. जात तीवर नकोच. चिठ्ठी मिळालेल्या मनुष्याने इच्छा असल्यास, पोलिसांशी संबंध नसलेल्या एखाद्या संस्थेस, उदाहरणार्थ राज्याच्या पोलीस तक्रार प्राधिकरणास, तो क्रमांक व आपला समाज कळवावा. नाव कळविण्याचे कारण नाही. यात पोलिसांचाही लाभ आहे, हे आम्ही केवळ गोड बोलण्याकरिता म्हणत नाही. ज्या झडत्यांतून काही निघत नाही त्या शिपायाच्या बारा तासांच्या पाळीतील वाया गेलेले तास आहेत, आणि त्या कोठे वाया जातात हे त्याच्या वरिष्ठासही आज ठाऊक नसते. पक्षपाताचा आरोप खोटा असेल तर तो खोटा ठरविण्याचेही दुसरे साधन नाही.

शासनाकडून चिठ्ठी येईपर्यंत काय करावे, असे तो तरुण विचारील. त्याने व त्याच्या सोबत्यांनी एक वही करावी. प्रत्येक वेळी थांबविले गेल्याची नोंद करावी; झडती न झाली तर तेही लिहावे, सन्मानाने सोडले तर तेही अवश्य लिहावे, नाहीतर ती वहीही पोलिसांच्या वहीसारखीच अर्धी होईल. मराठा सोबत्याने लिहावी, मुसलमान सोबत्याने लिहावी, बिहारी कामगारानेही. अमेरिकेतील अभ्यासकांनी २००६ साली सुचविलेली आणखी एक रीत शेंद्र्यास विशेष उपयोगी पडेल. घड्याळातील तीच वेळ, पण एकदा उजेडात व एकदा अंधारात, पाहावी; चालक दिसत असताना अधिक अडविला जातो की दिसत नसतानाही तितकाच, हे तीत कळते. शिरस्त्राण व कान यांमुळे आपल्याकडे ती पहिल्याच टप्प्यास लागू पडेल, परंतु टोपी, दाढी आणि निळा झेंडा यांबाबत तेवढे पुष्कळ आहे. कारखान्याचा भोंगा ऋतू पाहून वाजत नाही. डिसेंबरात शेंद्र्यास सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर; आणि सहा ते सात या तासात त्याच रस्त्याने तीच माणसे घरी जात असतात.